बारा नंबरच्या भुयारात मी किती आत गेलो

नऊ वर्षं मी हे कुणालाही सांगितलं नाही. बायकोला नाही, धाकट्या भावाला नाही, ज्याच्याबरोबर रोज संध्याकाळी गोदेच्या काठानं फिरायला जातो त्या मित्रालाही नाही. गेल्या महिन्याभरात मात्र तीन माणसांना सांगून झालं आहे. तुम्ही चौथे. पहिल्या तिघांपुढे तोंड उघडणं जड गेलं. तुमच्यापुढे सोपं जाईल असं वाटतं — तुमचं मी काही बिघडवलेलं नाही, एवढी एक सोय आहे.

नाशकात मला लोक ड्रॉइंग मास्तर म्हणून ओळखतात. काही जण — हे जरा संकोचानं लिहितो — इतिहासकार म्हणूनही. कारण बत्तीस पानांची एक पुस्तिका. एक कोळशाच्या खाणीचं गाव कसं वसलं आणि कसं उठलं, याची हकीकत मी तीत लिहिली आहे. या उन्हाळ्यात ती मी वाचनालयाच्या सभागृहात वाचून दाखवली. अध्यक्ष एक निवृत्त अंमलदार होते. पुस्तिका त्यांनी वाचलेली नव्हती, हे त्यांच्या भाषणावरून उघड होतं. पण माझ्या सत्यनिष्ठेचा त्यांनी तीनदा उल्लेख केला. तिन्ही वेळा मी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं. मग हार, मग नारळ, मग टाळ्या. आयुष्यभर मी असल्या समारंभांची चेष्टा करत आलो. आपल्या गळ्यात हार पडला की चेष्टा कुठं जाते? — ती असते तिथंच असते, फक्त तिचं तोंड आपल्याकडे वळतं.

आता गावाविषयी.

वर्ध्याच्या पलीकडे, चांद्याच्या बाजूला, रेल्वेचा एक फाटा रानात शिरायचा. आधी तिथं पळसाचं रान आणि एक ओढा, एवढंच होतं. कोळसा सापडला आणि कंपनी आली. कंपनीनं गावाला आपल्या एका संचालकाचं नाव दिलं. ते तीन शब्दांचं होतं, त्यातला पहिला 'सर'. ते कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. फाट्याचा नंबर बारा, म्हणून गावही बारा नंबर. बारा नंबरात सगळं कंपनीचं होतं. चाळी कंपनीच्या, दवाखाना कंपनीचा, दुकान कंपनीचं, शाळेतला फळाही कंपनीचा. भोंगा वाजला की गडी खाली उतरत, भोंगा वाजला की बायका भाकऱ्या टाकत, आणि भोंगा बिघडला त्या दिवशी अर्ध्या गावाला भूकच लागली नाही असं म्हणत. साहेबलोकांचा क्लब होता, त्यात नाचायला लाकडी जमीन होती. साहेब चारच, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नसत. जमीन मात्र दर शनिवारी मेण लावून घासली जाई.

एकदा कुणी मोठे अधिकारी खाण पाहायला येणार होते. मॅनेजरसाहेबांनी वाटेच्या कडेचे दगड चुन्यानं रंगवायला सांगितले. दगड संपले, चुना उरला. मग रेल्वेच्या साईडिंगवरच्या कोळशाच्या ढिगांनाही मारला. मी स्वतः उभा राहून मारून घेतला. पाहुण्यांनी त्या पांढऱ्या कोळशाकडे पाहिलं आणि व्यवस्था उत्तम आहे असा शेरा दिला.

सांगायचं ते बाजूला ठेवून मी पांढऱ्या कोळशाच्या गमती सांगतो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. नऊ वर्षांत ही कला मला चांगली साधली आहे. ती बत्तीस पानं म्हणजे दुसरं काय आहे?

मी तिथं मोजणीखात्यात दुय्यम कारकून होतो. लोक मोजणीबाबू म्हणत. खाणीच्या पोटात कोणती गल्ली किती लांब गेली हे फितीनं मोजायचं आणि वर येऊन नकाशावर चढवायचं, हे माझं काम. खाली माझ्याबरोबर बहुधा कान्हू असे. खाणीत टोळीच्या मुख्याला सरदार म्हणतात — तलवार नाही, घोडा नाही, हातात एक दिवा आणि छताकडे लावलेला कान. कान्हू सरदार होता. मूळचा आपल्याच नाशिक जिल्ह्यातला, पेठ बाजूच्या डोंगरातला. त्याच्या बापाला दुष्काळात मुकादमानं तिकडे नेलं, तेव्हापासून ते कुटुंब कोळशातच होतं. कान्हूची बायको मंजुळा, आणि मंजुळेचा पाठचा भाऊ जिवा. जिवा कान्हूच्याच टोळीत होता. बायकांना खाली उतरवायला बंदी झाली, तोपर्यंत मंजुळाही टोळीत होती. नवरा आणि भाऊ कोळसा पाडत, ती पाट्या भरी.

मग मंदी आली. त्याच सुमारास कोळशाचा थर तुटला. जमिनीच्या पोटात कधीकाळी घसरण झालेली असते. चालता चालता कोळसा एकाएकी थांबतो आणि समोर दगडाची भिंत येते. भिंतीपलीकडे थर पुढे असतो, किंवा नसतो. असला तर खाण चालणार होती, नसला तर उरलेला कोळसा वर्षभराचा. कुणा जुन्या साहेबानं त्या दगडातून एक चाचणीचं भुयार खोदून अर्धवट सोडलं होतं. दोन फूट उंच, चाळीस हात लांब, मध्ये एक वळण. कान्हू त्यातून सरपटत शेवटापर्यंत गेला, तिथला शेवटचा दगड त्यानं पहारीनं पाडला, आणि पलीकडे त्याला छातीएवढा कोळसा लागला. धोतराच्या खोचीत एक ढेकूळ घेऊन तो मॅनेजरसाहेबांपुढे उभा राहिला. साहेब म्हणाले, कोळशाच्या खाणीत कोळशाचं ढेकूळ कुठूनही आणता येतं. यात त्यांचं काही चुकलं नाही. म्हणून त्यांनी मला पाठवलं. वरिष्ठ मोजणीदार रजेवर होते, आणि मी तेव्हा फार बारीक होतो. फीत घेऊन भुयारातून पलीकडे जायचं, थराची उंची मोजायची, हातोडीनं तुकडा काढून आणायचा. काम सोपं होतं.

भुयारात एका वेळी एकच माणूस जाई. दुसरा तोंडाशी बसून छताचा आवाज ऐके. आतल्यानं दर चार-पाच हातांवर हातोडीचा एक ठोका द्यायचा, म्हणजे बाहेरच्याला कळतं की माणूस सरकतो आहे. मी आत गेलो. कान्हू तोंडाशी बसला. मी एक ठोका दिला, दुसरा दिला, वळण ओलांडलं.

आणि थांबलो.

काही झालं म्हणून नाही — हेच मला सांगायचं आहे. छत करकरलं नाही, पाणी आलं नाही, दिवा मालवला नाही. पोटावर पडलो होतो. श्वास घेतला की पाठ दगडाला लागे, सोडला की सुटे. एवढंच. पण मला वाटू लागलं की पुढच्या श्वासाला ती सुटणार नाही. मी फितीवरचा आकडा पाहिला. अकरा हात. पुढे एकोणतीस राहिले होते. मी हात पुढे टाकायचं ठरवी आणि हात जागचा हलत नसे. शाळेत पाठ केलेल्या नद्या मनात म्हणायला लागलो. सिंधूपासून सुरुवात करून तीनदा तापीपर्यंत आलो. मध्ये कान्हूनं हाक मारली, "बाबू?" मी "आहे" म्हणालो. जाऊन यायला लागला असता तेवढा वेळ मी तिथं पडून काढला. हातापाशी भिंतीत काळा, चकचकीत दगड होता. कोळशासारखा दिसणारा, पण दगडच. त्याचा एक तुकडा हातानंच उचकटला, खिशात टाकला आणि पाय मागे टाकत बाहेर आलो.

कान्हूला म्हणालो, "पुढं दगडच आहे."

त्यानं खाली ठेवलेला दिवा उचलला. मग म्हणाला, "बरं."

बंगल्यावर साहेबांनी तो तुकडा खानसाम्याच्या चुलीत टाकायला लावला आणि हातात घड्याळ धरून उभे राहिले. तुकडा तापला, पेटला नाही. चिमट्यानं बाहेर काढून साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू दगडानं राजीनामा दिला आहे. कान्हू खालच्या पायरीवर उभा होता. म्हणाला, "कोळसा हाय, साहेब. म्या हात लावलाय." साहेबांनी मला विचारलं, मी शेवटपर्यंत गेलो होतो ना? मी हो म्हणालो. त्या वेळी कान्हूनं एकदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हरलेला माणूस असाच पाहतो, असं मला वाटलं.

त्याच दिवशी मी नकाशा काढला. इतका सुबक नकाशा माझ्या हातून पुन्हा झाला नाही. अकरा हात पाहिलेले, एकोणतीस हात कल्पिलेले; शाईत फरक कळत नाही. शेवटी दगडाची खूण म्हणून बारीक तिरप्या रेघा मारल्या. आठवड्याच्या आत त्या बाजूचे आधाराचे डांब काढून घ्यायचा हुकूम निघाला. डांब काढले, छत बसलं, भुयार मिटलं. कुणाला पुन्हा जाऊन बघायचं म्हटलं तरी बघता येणार नव्हतं. मला — लिहूनच टाकतो — फार बरं वाटलं.

पुढचं पुस्तिकेत आहे, आणि तेवढं खरं आहे. संचालकांनी खाण बंद करायचं ठरवलं. पंप थांबले, खालच्या गल्ल्या पाण्यानं भरल्या. चाळींवरचे पत्रे उतरवून मालगाडीच्या वाघिणींत भरले. क्लबची लाकडी जमीन कुणा ठेकेदारानं उचकटून नेली. माणसं जथ्याजथ्यानं गेली. कुणी दुसऱ्या खाणींत, कुणी गिरण्यांत, कुणी मुलुखात परत. शाळेचा फळा शेवटी भिंतीवर राहिला, कारण तो काढायचा कुणाच्या यादीत नव्हता. पावसाळा येऊन गेल्यावर मी एकदा काही कागद आणायला गेलो होतो, तर घराघरांतून पळसाची रोपं उठली होती. हे सगळं मी बऱ्यापैकी लिहिलं आहे. शेवटच्या पानावरचं वाक्य मात्र असं आहे: कोळसा संपला आणि गाव उठलं.

ते खोटं आहे. कोळसा संपला की नाही, मला माहीत नाही. ते पाहायला मलाच पाठवलं होतं.

इथं थांबता आलं असतं तर बरं होतं. पण भुयारात मला भीती वाटली, हा माझा अपराध नव्हे. भीती अर्ध्या तासाची होती. अपराध त्यानंतरचा आहे, आणि तो मी उजेडात, उभ्यानं केला.

जिवाला मुकादमानं दुसऱ्या खाणीत जागा दिली होती. कान्हू त्याला म्हणाला, थांब, कोळसा आहे, आज ना उद्या साहेबलोकांना उकरावा लागेल. कान्हूचा शब्द म्हणून जिवा थांबला. त्याच्याबरोबरचे गेले, जागा भरल्या. मग पंप थांबले. त्या दिवशी चाळीच्या अंगणात जिवानं कान्हूला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं. सरदाराला खोटारडा म्हणणं साधं नसतं. खाली त्याच्या एका शब्दावर माणसं आत जातात नाहीतर बाहेर धावतात. तो शब्द गेला की तो सरदार उरत नाही. टोळीतल्या कुणीही जिवाला अडवलं नाही. जिवा बहिणीला म्हणाला, ताई, याच्या घरात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. ती दारात उभी होती. आणि मी? मी अंगणाच्या कडेला होतो, काखेत नकाशांची गुंडाळी. चाळीची मापं घ्यायला आलो होतो. पाच शब्द पुरले असते. मी चाळीची लांबी मोजली, टिपून घेतली आणि गेलो.

कधी कधी मी स्वतःला सांगत असे की मंदी होती, कोळसा पडून होता, भुयारापलीकडे डोंगरभर कोळसा असता तरी त्या लोकांनी खाण बंदच केली असती. असेल. नसेलही. हे वाक्य मी वर्षानुवर्षं उशाशी घेतलं. आता ते काढून ठेवतो. त्यानं मान अवघडते.

तर त्या सत्कारानंतर दिंडोरीकडचे एक बागाईतदार मला भेटायला थांबले. द्राक्षाची नवी बाग लावली होती, विहीर खोल करत होते. म्हणाले, "मास्तर, माझ्याकडे सुरुंग लावायला एक कान्हू म्हणून आहे. तुमच्याच त्या खाणीतला. तुमचं व्याख्यान आहे म्हणून त्याला सांगितलं, तर म्हणतो कसा — कोळसा संपलाच नव्हता. आता बोला. अडाणी माणसं."

मी हसलो. हेही तुम्हाला सांगून टाकतो. हसलो, नारळ काखेत धरला आणि घरी आलो. पाच दिवस शाळेत मुलांना वर्तुळं काढायला शिकवलं. रविवारी सर्व्हिस मोटारीनं दिंडोरीच्या वाटेला लागलो.

विहीर बरीच खोल गेली होती. काठावर मंजुळा डोक्यावरची पाटी रिकामी करत होती. केस पांढरे झाले होते, मान तशीच ताठ. तिनं मला डोळ्यांवर हात धरून न्याहाळलं आणि खाली वाकून ओरडली, "अवो, वर या. मोजणीबाबू आल्यात. आता हिरीला बी टाळं लावत्याल."

कान्हू दोराला धरून वर आला. "बाबू, म्हातारं झालात," म्हणाला, आणि आंब्याखाली बसला. मला बसायला त्यानं पोतं टाकलं, पण मी उभाच राहिलो. उभ्या उभ्या सांगितलं. अकरा हात, तिथला दगड, सगळं. सांगायला किती थोडा वेळ लागला, याचंच मला नवल वाटलं. हातातली विडी त्यानं पेटवली नव्हती. माझं झाल्यावर ती कानावर अडकवून म्हणाला, "ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"दोन ठोकं दिलंत, मग नाय दिलंत. हाक मारली तर आवाज जवळनं आला. पार टोकावरनं आवाज असा येत नाय."

मी विचारलं, मग साहेबांपुढे बोलला का नाहीस? तो म्हणाला, "रीत नाय." आणि मला न समजल्याचं पाहून, एखाद्या नव्या गड्याला सांगावं तसं सावकाश सांगितलं. आत माणूस घाबरला तर ते वर न्यायचं नसतं. आज ह्याचं वर नेलं, तर हा परत आत येत नाही. आणि उद्या आपली पाळी आली की आपण मदतीला हाक मारत नाही. म्हणून आतली भीती आतच ठेवायची.

"तुम्ही निस्तं म्हणला असता, कान्हू, मला जमत नाय," तो म्हणाला, "तर फीत घेऊन म्या गेलो असतो. वर आल्यावं तुमचंच नाव सांगितलं असतं. कैक बाबूंचं सांगितलंय."

मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. त्या खाणीचे नियम तर इंग्रजीत छापलेले माझ्या टेबलावरच असत. हा नियम त्यांत नव्हता. बारा नंबरातल्या प्रत्येक गड्याला तो माहीत होता. कैक बाबू असल्या भुयारांच्या तोंडाशी कान्हूला हळूच तसं म्हणाले होते, आणि वर मान ताठ ठेवून फिरले होते. मला मात्र वाटलं, शिकलेल्या माणसानं कबूल करायचं नसतं. खोटं बोलायची मला गरजच नव्हती, हे नऊ वर्षांनी विहिरीच्या काठावर कळलं.

"भीती वर न्यायची नाय, येवढंच," कान्हू म्हणाला. "तुम्ही दगड वर नेलात."

तोवर मंजुळा रिकामी पाटी हातात धरून ऐकत होती. ती माझ्याशी बोलली नाही. नवऱ्याला म्हणाली, "म्हंजी तुम्हाला ठावं होतं."

कान्हूनं कानावरची विडी काढून हातात घेतली.

"जिवा अंगणात खोटारडा म्हणला, तवा बी ठावं होतं."

"रीत हाय, मंजुळे."

"एकानं भ्यालो म्हून तोंड मिटलं, एकानं रीत म्हून. मधल्यामधी माझा भाऊ गेला." ती ओरडली नाही. पाटी खाली ठेवली, पदरानं कपाळ पुसलं आणि मग माझ्याकडे वळली. "इगतपुरीला हाय त्यो. इंजनाच्या शेडात कोळसा भरतो. बाजारात मानसं भेटत्यात, सांगत्यात. तिकडं जावा आन तिथं सांगा. ह्येंला सांगून काय उपेग? ह्येंला ठावंच होतं."

येताना मोटारीत मला सणसणून भूक लागली. हे लिहायला लाज वाटते, पण लागली खरी. नऊ वर्षं मी जेवत होतो. भूक म्हणून जेवत नव्हतो. घरी आल्यावर बायकोला भाकरी वाढायला सांगितलं आणि जेवता जेवता तिला सगळं सांगितलं. दुसरा माणूस ती. ती एवढंच म्हणाली, "इगतपुरीची गाडी सकाळची धरा." आणि आणखी एक भाकरी टाकायला उठली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी पॅसेंजरनं निघालो. देवळालीला सोल्जरांची टोळी गाडीत चढली. त्यांची गाणी ऐकत इगतपुरीला उतरलो. मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना घाट चढून आल्यावर तिथं वाफेचं इंजिन लागतं, म्हणून तिथं कोळशाचे ढीग पडलेले असतात. त्या ढिगांना चुना मारलेला नव्हता. जिवा मोठी ढेकळं फोडत होता. मी नाव सांगायच्या आधीच त्यानं ओळखलं, आणि घण खाली न ठेवता ऐकलं. मी जे तुम्हाला सांगितलं तेच त्याला सांगितलं. फक्त गमती वगळून. त्यामुळे फार लवकर संपलं.

त्यानं विचारलं, "मंग पल्याड कोळसा होता का?"

"मला माहीत नाही. मी गेलो नाही."

"कान्हू गेलता."

"तो गेला होता."

जिवानं एक ढेकूळ पायानं सरळ केलं, त्यावर घण टाकला. ते दुभंगलं. दुसरं ओढलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. कोळशानं माखलेला चेहरा वाचायला मी तिथं असताना कधी शिकलो नाही. तो मला मारील, असं मला एकदा वाटलं. त्याचीही भीती वाटली, पण या खेपेला मी जागचा हललो नाही, इतकंच.

दोन ढेकळं फोडून झाल्यावर तो म्हणाला, "ताई काय करती?"

"विहिरीवर दगड वाहते."

"कुठली हीर?"

मी सांगितलं. दिंडोरीच्या अलीकडे सर्व्हिस मोटार कुठं थांबते, तिथून बांधानं किती जायचं, द्राक्षाची नवी बाग, आंब्याचं झाड. बायकोचं म्हणणं आठवून, सकाळची गाडी बरी पडेल असंही म्हणालो. त्यानं सगळं एकदा पुन्हा वदवून घेतलं. मग मला राहवलं नाही. म्हणालो, मी परत जातोच आहे, तुझा काही निरोप असेल तर तिला पोचवतो.

जिवानं घण उचलला.

"नको," तो म्हणाला. "तुमच्या तोंडून आता काय बी नको. म्याच जातो."

मी बरं म्हणालो आणि स्टेशनची वाट धरली.